स्वप्नातला घोडेस्वार

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी आपला परिचय झाला तो मुख्यतः त्यांच्या वेदनेतून आणि विद्रोहातून. १९७२ साली दलित पँथरने तर आपले नावही ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांच्या हसण्याकडे मात्र आपण फारसे पाहिले नाही. त्यासाठी ‘लुक-आउट सिस्टर’ (१९४७) हा चित्रपट उपयोगी पडतो.

बड पोलार्ड दिग्दर्शित हा काउबॉयपट जेमतेम तासाभराचा, थोडक्या पैशात उरकलेला, विनोदी आणि गाण्यांनी भरलेला आहे. नायक, नायिका, खलनायक सारेच काळे. अतिश्रमाने थकलेला वादक आरोग्यधामात जातो आणि झोपेत काउबॉय होऊन, कर्जापायी हातचा जाणारा रँच वाचवायला धावतो. ही भूमिका त्या काळचा लोकप्रिय गायक व सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डन याने केली आहे.

असे चित्रपट काळ्यांच्या वेगळ्या थिएटरांसाठीच बनत. दक्षिणेत गोऱ्यांच्या थिएटरात काळ्यांना निराळ्या दाराने वरच्या बाल्कनीत जावे लागे. कित्येक ठिकाणी तेवढाही प्रवेश नसे. हॉलिवूडच्या पडद्यावर काळा माणूस यायचा तो बहुधा नोकर किंवा स्वयंपाकी म्हणून. त्याच्या भित्रेपणावर इतरांनी हसावे म्हणून. ‘लुक-आउट सिस्टर’मध्ये विनोद करणारे, विनोदाचा विषय होणारे आणि हसणारे एकाच समाजाचे होते. हा फरक लहान नाही. प्रस्थापित समीक्षेने अशा चित्रपटांची सहसा दखल घेतली नाही.

परंतु काळा काउबॉय ही केवळ स्वप्नातली गंमत होती काय? टेक्सासमध्ये गुलामांनी गुरे राखली होती. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर हजारो काळ्यांनी मजुरीवर गुरांचे कळप उत्तरेकडे हाकत नेले. काउबॉयांपैकी सुमारे चौथा हिस्सा काळ्यांचा होता, असा इतिहासकारांचा एक प्रचलित अंदाज आहे. नॅट लव्ह या काळ्या काउबॉयचे आत्मचरित्र १९०७ सालीच प्रसिद्ध झाले होते. म्हणजे जे वास्तवात घडले, ते या नायकाला झोपेत पाहावे लागते. पडद्याने ज्यांचा इतिहास पुसला, त्यांच्यावर आपलीच हकीकत स्वप्न म्हणून सांगण्याची वेळ येते.

पुढे १९७२ मध्येच, सिडनी पॉइटिए दिग्दर्शित ‘बक अँड द प्रीचर’मध्ये, गुलामीतून सुटलेल्यांना पश्चिमेकडे नेणारा काळा घोडेस्वार आला. तो स्वप्नातला नव्हता. पण त्याआधी पंचवीस वर्षे हसत हसत घोड्यावर मांड ठोकणाऱ्याचीही नोंद विद्रोहाच्या इतिहासात असली पाहिजे.