पावागडची सहकुटुंब भ्रमंती : रोपवे आणि पायवाट

बडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरील पावागड लहान मुले व ज्येष्ठांसह पाहता येतो, तो रोपवेमुळे. चांपानेरहून रस्त्याने माचीला पोहोचावे. १९८६पासून सुरू असलेला रोपवे तेथून वर नेतो. कालिकामातेच्या मंदिरासाठी मात्र पुढील पायऱ्या चढाव्याच लागतात. वाचलेली शक्ती दुधिया तलाव आणि दहाव्या-अकराव्या शतकातील लकुलीश मंदिराच्या परिसरातील फेरीसाठी राखावी.

६ सप्टेंबर २०२५ रोजी येथील मालवाहू रोपवे कोसळून ६ जणांचा मृत्यू झाला. प्रवासी रोपवे वेगळा असला, तरी सोसाट्याच्या वाऱ्यात तो बंद ठेवावा लागतो. म्हणून पायऱ्यांनी उतरण्याइतका दिवस, पाणी आणि मुलांच्या पायांतील बळ शिल्लक असतानाच परतीला लागावे.