अल्प खर्चातले अथांग भय

कोकणातील भुताखेतांच्या कथांमध्ये एक गोष्ट सहसा चुकत नाही : त्या भुताला ठावठिकाणा असतो. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्याच्या आसऱ्याने असतो, राखणदार गावाच्या शिवेवर किंवा पोफळीच्या बागेत वावरतो. त्याला नाव असते, भूक असते, मागणे असते. नारळ, कोंबडे अथवा दहीभात देऊन त्याची समजूत घालता येते आणि ती कशी घालावी हे जाणणारी माणसेही गावात असतात. या भुतांची भीती खरी असली, तरी ती देण्याघेण्याच्या व्यवहारात बसणारी भीती आहे.

याहून अगदी निराळ्या जातीचे भय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराच्या हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) या लेखकाने आपल्या कथांतून मांडले. त्याच्या कथांतील अतिप्राचीन शक्ती माणसावर रागावलेल्या नसतात आणि त्यांना माणसाकडून बहुधा काही हवेही नसते. विश्व अफाट आहे, त्यात मनुष्यजातीची गणना नाही आणि ज्याला हे उमगते त्याची बुद्धी ते ज्ञान पेलू शकत नाही, हा त्या कथांचा गाभा होय. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ निबंधात लव्हक्राफ्टने अज्ञाताच्या भयाला सर्व भयांच्या मुळाशी ठेवले. या प्रकाराला आज 'वैश्विक भय' असे म्हणतात. लव्हक्राफ्टच्या भयात परक्या वंशांच्या माणसांविषयीची घृणाही मिसळलेली होती, हे नमूद करणे आवश्यक आहे. पुढे त्याच्याकडून उसनवारी करणाऱ्यांना हा वारसा टाकूनच पुढे जावे लागले.

त्याच्या कथा प्रसिद्ध झाल्या त्या मुख्यतः 'वियर्ड टेल्स' या मासिकात. लगद्याच्या स्वस्त कागदावर छापली जाणारी ही मासिके प्रतिष्ठित वाङ्मयाच्या पंक्तीत बसत नसत. म्हणजे जन्मतःच या प्रकाराचा संबंध स्वस्ताईशी होता, आणि चित्रपटात तो आल्यावरही हा संबंध तुटला नाही.

चित्रपटापुढील अडचण मोठी होती. जे माणसाच्या कल्पनेत मावत नाही ते पडद्यावर कसे दाखवावे? लेखक 'अवर्णनीय' असा शब्द लिहून मोकळा होतो, परंतु कॅमेऱ्याला कशाकडे तरी पाहावेच लागते. हाती पैसा असलेला निर्माता येथे दाखवण्याच्या मोहात पडतो, आणि राक्षस एकदा नीट दिसला की प्रेक्षक त्याचे हातपाय मोजू लागतो. याला सन्माननीय अपवाद आहेत. जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' (१९८२) हा खर्चिक चित्रपट त्यांपैकीच एक. मात्र ज्याच्यापाशी पैसाच नाही, त्याला हा मोह परवडत नाही. त्याला सूचकतेचा आश्रय घ्यावा लागतो आणि या प्रकाराला नेमकी तीच हवी असते.

सॅम रेमी या तरुणाने मित्रांसह 'द ईव्हिल डेड' (१९८१) हा चित्रपट काढला, त्याची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आधी १९७८ मध्ये सुमारे १६०० डॉलरांत एक लघुपट तयार करून तो भांडवल देऊ शकणाऱ्यांना दाखवण्यात आला आणि त्याच्या बळावर पैसा गोळा झाला. मुख्य चित्रपटाचा खर्च पावणेचार लाख डॉलरांच्या आसपास गेला, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने नगण्यच. जंगलातून एक अदृश्य शक्ती धावत येते असे दाखवायचे होते. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री भाड्याने घेणेही शक्य नव्हते. तेव्हा एका लाकडी फळीच्या मध्यभागी कॅमेरा बसवला, फळीची दोन टोके दोघांनी धरली आणि ते झाडाझुडपांतून धावत सुटले. फळीच्या लांबीमुळे व कॅमेऱ्याच्या रुंद भिंगामुळे धावण्याचे हादरे कमी जाणवतात, आणि जमिनीलगत सरपटत येणारी नजर तेवढी उरते. ती नजर कोणाची हे पडद्यावर कधीच दिसत नाही.

त्याआधीचे 'इक्विनॉक्स' हे उदाहरण फारसे परिचित नाही. डेनिस म्युरेन या विद्यार्थ्याने मित्रांच्या साहाय्याने सुमारे ६५०० डॉलरांत त्याची पहिली आवृत्ती १९६७ मध्ये पूर्ण केली. नंतर एका वितरकाने तीत भर घालून १९७० साली ती प्रदर्शित केली. लव्हक्राफ्टशी पत्रव्यवहार असलेला लेखक फ्रिट्झ लीबर त्यात एका छोट्या भूमिकेत दिसतो. चित्रपट म्हणून तो कच्चाच आहे. परंतु हाच म्युरेन पुढे दृश्य-परिणामांच्या कलेतील अग्रगण्य तंत्रज्ञ ठरला आणि अनेक ऑस्कर पारितोषिकांचा मानकरी झाला.

पुढील काळातही ही परंपरा चालू राहिली. लव्हक्राफ्टच्या चाहत्यांच्या एका संस्थेने त्याच्या सर्वांत प्रसिद्ध कथेवर २००५ मध्ये 'द कॉल ऑफ थुलू' हा कृष्णधवल मूकपट काढला. कथा १९२८ सालची असल्याने चित्रपटही त्याच काळातला वाटावा, अशी त्यांची युक्ती होती. मूकपट म्हटला की प्रेक्षक कापडाचा समुद्र मान्य करतो आणि एकेक चौकट हलवून चित्रित केलेली बाहुली दैत्य म्हणून स्वीकारतो. दशावतारी नाटकात एका बाकड्याला सिंहासन मानणाऱ्या कोकणी प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही. जस्टिन बेन्सन व एरन मूरहेड या जोडीच्या 'रेझोल्यूशन' (२०१२) या चित्रपटाचा बराचसा भाग एका पडक्या घरात दोन मित्रांमध्येच घडतो. त्यांच्याकडून एक गोष्ट घडवून घेऊ पाहणारे जे कोणी आहे, ते शेवटपर्यंत अदृश्य राहते.

मराठीत या भयाचे आगमन चित्रपटाच्या आधी पुस्तकांतून झाले, आणि त्याचे बरेचसे श्रेय नारायण धारप (१९२५-२००८) यांना द्यावे लागेल. वाचनालयांतून हातोहात फिरणारी त्यांची पुस्तके अनेक पिढ्यांनी रात्री दिवा न मालवता वाचली. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्यांची दखल हात राखूनच घेतली. धारपांनी पाश्चात्त्य भयकथा भरपूर वाचली होती आणि तिच्यातून मोकळेपणाने घेतलेही होते. स्टीफन किंगच्या व्हॅम्पायर-कादंबरीवरून त्यांनी 'लुचाई' लिहिली. या उसनवारीला कोणी चौर्य म्हणेल, कोणी रूपांतर. उसन्या भयाला मराठी घराच्या माजघरात बसवण्याचे काम त्यांनी केले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

त्यांच्या 'आजी' या कथेचा प्रवास या बाबतीत बोलका आहे. तिचे मूळ किंगच्या १९८४ मधील एका कथेत आहे. एक मुलगा घरात आजारी आजीजवळ एकटा राहिला आहे, आणि आजी साधीसुधी नाही. तिला निजवायचे असेल तर 'हास्तूर' या नावाची आण घालावी लागते. हे नाव किंगचेही नव्हे. अ‍ॅम्ब्रोज बिअर्स या लेखकाने १८९१ मधील एका कथेत ते मेंढपाळांच्या सौम्य देवतेला दिले होते. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ते उचलले आणि त्याच्या पुस्तकात ते स्थळाचे की व्यक्तीचे हेच संदिग्ध झाले. लव्हक्राफ्टने १९३१ साली त्याचा केवळ ओझरता उल्लेख केला. ऑगस्ट डर्लेथने १९३९ मध्ये त्याला एक भयंकर दैवत बनवले. मेंढरे राखणारा देव पन्नास वर्षांच्या आत असा बदलला.

हे नाव पुढे 'हस्तर' होऊन कोकणात उतरले. राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात सहलीला गेले असता एका मित्राने धारपांची एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्या मनातून गेली नाही. १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. चित्रपटाचे 'तुंबाड' हे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून आले. तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या परिसरातले खरेखुरे गाव आहे.

त्यानंतरची हकीकत अल्पखर्ची चित्रपटांचे गोडवे गाणाऱ्यांनी जरूर वाचावी. २००९-१० या काळात बर्वे यांनी सुमारे ७०० पृष्ठांची चित्रमय संहिता रेखाटली. सात निर्मितीसंस्थांनी प्रकल्प हाती घेऊन सोडून दिला. २०१२ मध्ये चित्रीकरण झाले, परंतु संकलित चित्रपट बर्वे व निर्माते-अभिनेते सोहम शाह यांना पसंत पडला नाही. पटकथा पुन्हा लिहिली गेली, पुन्हा चित्रीकरण झाले आणि ते मे २०१५ मध्ये संपले. आनंद गांधी यांनी सर्जनशील दिग्दर्शक म्हणून त्यात भाग घेतला. कथेत तुंबाडला देवांच्या कोपाचा पाऊस सतत झोडपत असतो. तो पाऊस व ते ढगाळ आभाळ मिळवण्यासाठी पावसाळ्यामागून पावसाळे थांबावे लागले. २०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहाचा प्रारंभ या हिंदी चित्रपटाने झाला आणि १२ ऑक्टोबर रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. खर्च सुमारे ५ कोटी रुपये सांगितला जातो. पहिल्या खर्ड्यापासून प्रदर्शनापर्यंत २१ वर्षे गेली होती. खर्चाचा आकडा लहान दिसतो, कारण त्यात ही वर्षे धरलेली नाहीत.

एवढ्या श्रमांतून जे निर्माण झाले त्यात उसने किती आणि स्वतःचे किती? आजीचा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. येथेही हस्तरचे नाव घेताच ती निजते. परंतु त्या नावामागे आता एक संपूर्ण पुराणकथा उभी राहिली. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा थोरला पुत्र. सोने त्याने बळकावले, धान्यावर झडप घातली तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले, आणि त्याची कोठेही पूजा होऊ नये या अटीवर आईने त्याला आपल्या उदरात लपवले. त्यामुळे त्याच्यापाशी सोने आहे आणि पोटात मात्र युगानुयुगांची भूक आहे. विनायकराव हा नायक दोरावरून त्या उदरात उतरतो, कणकेची बाहुली पुढे करतो आणि हस्तर ती खात असता त्याच्या लंगोटातून सुवर्णमुद्रा ओरबाडतो.

वाचकाच्या लक्षात येईल की, लव्हक्राफ्टच्या देवतांपासून हा देव फार दूर आला आहे. त्याला भूक आहे, म्हणून त्याच्याशी व्यवहार शक्य आहे. कोकणातल्या राखणदाराचीच ही रीत. फरक एवढाच की, राखणदाराला देणे हे कृतज्ञतेचे देणे असते आणि हस्तरपुढची बाहुली हे आमिष असते. कथा १९१८ ते १९४७ या काळात घडते. विनायकराव दरवेळी थोडेच सोने घेऊन परततो आणि व्यसनांत उडवतो. मग त्याचा मुलगा पांडुरंग सुचवतो की, एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या नेल्या तर? त्या नेल्या जातात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर प्रकट होतात. इतका वेळ मनुष्याच्या हिशेबात बसणारी वस्तू एकदम हिशेबाबाहेर जाते. वैश्विक भय असे ज्याला म्हणतात ते या चित्रपटात खऱ्या अर्थाने या एका प्रसंगात आहे, आणि त्यासाठी आधीचा सगळा घरगुती व्यवहार दाखवणे आवश्यक होते.

साधनांच्या मर्यादेचाही येथे उपयोग झाला. बाहुली कणकेची, रक्षणासाठी आखलेले रिंगणही पिठाचे, उजेड कंदिलाचा. पंकजकुमार यांच्या छायाचित्रणात कंदिलाचा प्रकाश पोहोचतो तेवढेच जग दिसते, आणि मांसल भिंतींचे ते उदर किती मोठे आहे याचा अंदाज लागत नाही. शापित आजी व पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालनटाने केल्या. ही गोष्ट चित्रपट पाहताना कोणाच्या ध्यानातही येत नाही. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना या तीन विभागांत चित्रपटाला फिल्मफेअर पारितोषिके मिळाली.

काही त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. कथेतला लोभ हा जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचा असून स्त्रिया वाट पाहण्यापुरत्या उरतात. आणि हस्तर जेव्हा पूर्ण प्रकाशात येतो, तेव्हा तो अंधारातल्यापेक्षा लहान वाटतो. 'द ईव्हिल डेड'मधील फळीवरच्या नजरेला ही अडचण आली नव्हती.

पहिल्या प्रदर्शनात 'तुंबाड'ला बेताचेच यश मिळाले. ज्यांनी तो पाहिला त्यांनी इतरांना सांगितले, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो चित्रपटगृहांत पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक उत्पन्न झाले. धारपांचे निधन १८ ऑगस्ट २००८ रोजी झाले होते. त्यांच्या गोष्टीवरून निघालेल्या या चित्रपटाची चित्रमय संहिता त्यानंतरच्या वर्षी रेखाटायला सुरुवात झाली.