वढूच्या घराघरांतली चाचणी

कार्तिकात कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते, तोवर बालाघाटातली कितीतरी ऊसतोड कुटुंबं कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. थंडी सुरू झालेली असते आणि तान्ह्या मुलांना रोटाव्हायरसचे जुलाब याच दिवसांत जास्त होतात. हातावाटे तोंडात जाणारा हा विषाणू पाणी उकळून प्यायल्यानंही पुरता टळत नाही. लस येण्याआधी देशात त्यानं दर वर्षी पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं दगावत, असा अंदाज होता.

या आजारावरची देशी लस दिल्ली, वेल्लोर आणि पुणे इथं पारखली गेली. पुण्यातलं काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं. त्याचा ग्रामीण आधार शिरूर तालुक्यात, संभाजी महाराजांच्या समाधीच्या वढू बुद्रुकला. तिथं डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकापासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं होतं. माझ्या मते चाचणीचा खरा पाया तिथंच घातला गेला. अनोळखी माणसाच्या हातून लेकराच्या तोंडात थेंब कुठली आई पडू देईल?

लसीचं मूळ मोठं विलक्षण आहे. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये काही नवजात बाळांच्या शीत रोटाव्हायरस सापडला, पण बाळं आजारी नव्हती. डॉ. महाराज किशन भान यांनी त्या निरुपद्रवी वाणाचा पिच्छा सोडला नाही. त्यातूनच पुढं रोटाव्हॅक घडली.

२०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. ६,७९९ बाळं, सहा-सात आठवड्यांची. दर तिघांतल्या दोघांना लस, एकाला तसाच दिसणारा पण औषध नसलेला द्रव. कोणाला काय मिळालं हे आईला कळत नाही, थेंब पाजणाऱ्या परिचारिकेला नाही, बाळ तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. पुढं दर आठवड्याला चौकशी: शी पातळ झाली का, किती वेळा, उलटी, ताप? उत्तरांचे गुण मांडले जातात, वीसपैकी अकरा किंवा अधिक झाले की आजार गंभीर. शीचा नमुना प्रयोगशाळेत जातो, बाळाला जलसंजीवनी आणि उपचार मिळतात, गट कुठलाही असो. उलट्या, शीतून रक्त असं काही दिसलं तर धावपळ उडते, कारण अमेरिकेत १९९९ मध्ये आतड्यात आतडं शिरण्याच्या धोक्यामुळं एक रोटा-लस मागं घ्यावी लागली होती.

संमतीपत्रावर अंगठा उठवण्याआधी सगळं वाचून दाखवायचं असतं, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या पालकासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. ‘नको’ म्हणायचा हक्क केव्हाही, कारण न देता. ‘आमच्या पोरांवर प्रयोग करता काय?’ हा प्रश्न रास्त आहे आणि ज्या केंद्राला त्याचं उत्तर शांतपणे देता येत नाही त्यानं हे काम हाती घेऊच नये, असं मला वाटतं.

२०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: गंभीर रोटा-जुलाबांपासून ५३.६ टक्के संरक्षण. आकडा तोकडा वाटेल. पण जिथं हा आजार सर्रास आहे, तिथं गंभीर आजार निम्म्यावर येणं म्हणजे हजारो घरांतलं रडं थांबणं. तो आकडा कुणी फुगवून सांगितला नाही, याचा मला अभिमान वाटतो. २०१६ पासून रोटा-लस सरकारी लसीकरणात आली, २०१९ मध्ये महाराष्ट्रात.

सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला ती फुकट मिळते. पण ती वेळेवर मिळायला मूल सापडायला हवं. वढूत आठवड्यागणिक विचारपूस करता आली, कारण माणूस घरी सापडत होतं. दिवाळीच्या तोंडावर जन्मलेलं कपिलधारकडचं ऊसतोड्याचं बाळ पहिल्याच डोसाला कुठल्यातरी कारखान्याच्या अड्ड्यावर, ऊसतोड्यांच्या कोपीत असतं. तिथल्या आशाताईकडं त्याचं नाव नसतं आणि कार्ड गावाकडं राहिलेलं असतं. वढूनं दाखवलेला पाठपुरावा आता त्या कोप्यांपर्यंत न्यायला हवा, आणि ते काम संशोधकांचं नव्हे, जिल्ह्या-जिल्ह्यांच्या आरोग्य खात्याचं आहे.