स्त्रियांच्या बाह्य जननेंद्रियावरील सूज : कारणे आणि काळजी

स्त्री-आरोग्याचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ प्रसूती आणि कुटुंबनियोजन या दोन विषयांपुरताच मर्यादित राहिला. 1994 च्या कैरो परिषदेनंतर दृष्टिकोन व्यापक झाला आणि 1997 मध्ये सुरू झालेल्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमात प्रजननमार्गाच्या संसर्गांना प्रथमच स्थान मिळाले. तरीही काही तक्रारी आजही दवाखान्यापर्यंत पोहोचत नाहीत. बाह्य जननेंद्रियावर येणारी सूज ही त्यांपैकी एक होय.

बंगळुरूचे उदाहरण घेऊ. पीण्या, बोम्मनहळ्ळी व म्हैसूर रस्ता परिसरातील तयार कपड्यांच्या कारखान्यांत प्रामुख्याने स्त्रिया काम करतात. त्यांत उत्तर कर्नाटकातून, तसेच ओडिशा व झारखंडमधून आलेल्या तरुणीही आहेत. शिवणयंत्रापुढे तासन्‌तास बसणे, घाम, कृत्रिम धाग्याचे घट्ट कपडे आणि मासिक पाळीतही वेळेवर पॅड बदलण्यास न मिळणारी उसंत यांमुळे त्या भागातील त्वचा ओलसर राहते, घर्षणाने सोलवटते आणि सुजते. ज्या तक्रारीसाठी मातृभाषेतही ‘खाली दुखते’ याखेरीज शब्द सापडत नाही, ती परक्या भाषेतील डॉक्टरांपुढे कशी मांडायची, ही अडचण वेगळीच. कामाच्या वेळेत कामगारांना केव्हाही वापरता येतील अशी स्वच्छतागृहे असावीत, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाचे कलम 19 सांगत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली असून स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांची जबाबदारी तीतही नियोक्त्यावरच आहे. स्वच्छतागृह असणे आणि तेथे जाण्यास मोकळीक असणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत.

सूज हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. भगोष्ठांखालील ऊती सैल असतात आणि त्यांना रक्तपुरवठा विपुल असतो. त्यामुळे किरकोळ कारणानेही तेथे मोठी सूज दिसते. सर्वांत साधे कारण म्हणजे स्पर्शजन्य त्वचादाह. सुगंधी साबण, कपडे धुण्याची पावडर, सुवासिक पॅड, केस काढण्याचे मलम यांपैकी काहीही त्यास पुरेसे ठरते. जंतुनाशक द्रवाने धुण्याची सवय तर उपायाऐवजी अपायच करते. बुरशीच्या संसर्गात तीव्र खाज, लाली आणि दह्यासारखा स्राव आढळतो. तो वारंवार होत असल्यास रक्तातील साखर तपासणे अगत्याचे ठरते, कारण मधुमेहाचे निदान कित्येकदा येथूनच होते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम खाज तात्पुरती थांबवते, पण बुरशीस मोकळे रान देते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी मलमे अनुसूची ‘एच’ खाली आणली, ती याच कारणासाठी.

एकाच बाजूस अचानक आलेल्या दुखऱ्या गाठीचे कारण बहुधा बार्थोलिन ग्रंथी असते. डेन्मार्कचे शरीररचनाशास्त्रज्ञ कास्पर बार्थोलिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी योनिमुखाच्या खालच्या भागात, घड्याळातील 4 आणि 8 या आकड्यांच्या जागी असतात. त्यांतील स्राव सुमारे 2 सेंटिमीटर लांबीच्या नलिकेतून बाहेर येतो. नलिकेचे तोंड बंद झाले की द्रव साचून गाठ होते. तीत जंतू शिरल्यास गळू तयार होते आणि चालणे-बसणेही अशक्य होते. हे जंतू अनेकदा आतड्यातील सामान्य जंतूच असतात. म्हणजे अशी गाठ झालेल्या स्त्रीच्या किंवा तिच्या पतीच्या चारित्र्याविषयी कोणताही निष्कर्ष काढणे निराधार आहे. लहान गाठ कोमट पाण्याच्या कटिस्नानाने उतरू शकते. गळू मात्र डॉक्टरांकडूनच निचरा करून घ्यावे लागते. ते घरी पिळणे धोक्याचे असते. वयाच्या चाळिशीनंतर अशी गाठ नव्याने आल्यास कर्करोग नाही याची खात्री करण्यासाठी ऊतीचा तुकडा तपासावा लागतो.

गर्भारपणात शिरांवरील दाब वाढून सौम्य सूज येते. परंतु तीबरोबर चेहरा व हात सुजणे, डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे असल्यास रक्तदाबाची तपासणी त्याच दिवशी व्हावयास हवी. हत्तीरोग हेही एक कारण आहे, परंतु ते क्वचितच. गडचिरोली, चंद्रपूर किंवा कलबुर्गीसारख्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांतील रुग्णाबाबत त्याचा विचार करावा.

लैंगिक संसर्गांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लक्षणाधारित उपचारपद्धती आणि रंगांनी ओळखले जाणारे सात औषधसंच आणले. योनिस्रावासाठी हिरवा, हर्पिसच्या फोडांसाठी लाल, जांघेतील अवधाणासाठी काळा. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही पद्धत उपयुक्त ठरली आणि सहचराच्या उपचारावरही तिने भर दिला. मात्र ‘सूज’ या नावाचा संच त्यांत नाही. ॲलर्जी, गळू, बुरशी आणि हर्पिस यांत भेद करायचा, तर डोळ्यांनी पाहण्यास पर्याय नाही.

आणि तपासणी हीच आपल्याकडील दुबळी बाजू. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या.

घरगुती काळजी साधी आहे. त्या जागेसाठी केवळ स्वच्छ पाणी वापरावे, सैल सुती अंतर्वस्त्रे घालावीत, कापडात गुंडाळलेल्या थंड पट्टीने दहा-पंधरा मिनिटे शेकावे, संशयास्पद साबण वा पॅड बंद करावे आणि बरे वाटेपर्यंत शरीरसंबंध टाळावा. दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यास दवाखाना गाठावा. ताप, झपाट्याने पसरणारी लाली, फोड किंवा व्रण, लघवी अडणे, मार लागल्यानंतर वाढत जाणारी काळीनिळी सूज यांपैकी काहीही असल्यास तेवढेही थांबू नये. ओठ किंवा चेहरा सुजून श्वासास त्रास होत असल्यास ती तातडीची अवस्था समजावी. बंगळुरूत नम्मा क्लिनिकपासून 1935 मध्ये सुरू झालेल्या वाणीविलास रुग्णालयापर्यंत शासकीय सोयी उपलब्ध आहेत. तपासणीच्या वेळी आपल्यासोबत एखादी स्त्री असावी, अशी मागणी रुग्ण तेथे निःसंकोचपणे करू शकते.