जपलेल्या फितीतले चरित्र

नटीचे चरित्र ग्रंथरूपाने लिहायचे तर पत्रे, कात्रणे आणि आठवणी पुरतात. तेच माहितीपटात मांडायचे तर तिचा पडद्यावरील वावर कोणीतरी जपलेला असावा लागतो. लेबननच्या दिग्दर्शिका रानिया स्टीफन यांनी २०११ साली इजिप्तच्या लोकप्रिय अभिनेत्री सुआद होस्नी यांच्यावर माहितीपट केला. २००१ साली लंडनमध्ये इमारतीवरून पडून सुआद यांचा मृत्यू झाला होता. स्टीफन यांनी नवे चित्रण केले नाही. १९५९ ते १९९१ या काळातील त्यांच्या चित्रपटांचे तुकडे घरगुती व्हिडिओ फितींवरून घेऊन तेच जुळवले.

आपल्याकडे असा प्रयत्न त्याआधी अठरा वर्षे, मुंबईत झाला. १९९३ साली रियाद वाडिया यांनी ‘हंटरवाली’ नादिया यांच्यावर माहितीपट काढला. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या नादिया १९३५ च्या ‘हंटरवाली’त हाती चाबूक घेऊन अन्यायाविरुद्ध उभ्या राहिल्या. पडद्यावरील स्त्रीने बहुधा सोसायचेच, अशा त्या काळात प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. रियाद हे ‘वाडिया मूव्हीटोन’च्या जमशेद वाडियांचे नातू. घराण्याने जुना ठेवा सांभाळला, म्हणून नादियांचे चरित्र त्यांच्या हयातीतच उभे राहू शकले. १९९६ साली त्या निवर्तल्या.

परंतु सर्वांचेच भाग्य असे नव्हते. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. कित्येक जुन्या फिती त्यातील चांदीसाठी मोडीत गेल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. पण तेथील नायट्रेट फितींचा मोठा साठा २००३ च्या आगीत भस्मसात झाला. म्हणजे सरकारी कपाटात ठेवले की काम संपले, असे नव्हे.

हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरताच आहे काय? राजुऱ्याहून फार दूर नसलेल्या झाडीपट्टीत धानकापणीनंतर रात्र-रात्र नाटके रंगतात. त्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच, पण त्यांच्या पिढीतील कलावंतांचे प्रयोग, ध्वनिफिती, जाहिरातपत्रके कोण जपत आहे? उद्या कोणी त्यांचे चरित्र पडद्यावर मांडू म्हणेल, तेव्हा त्याच्या हाती काय लागेल?

शाळा, महाविद्यालये आणि सार्वजनिक वाचनालये यांनी हे काम अंगावर घेतले पाहिजे. ठेव्याची यादी करावी, तारीख व नावे टिपावीत आणि प्रत दोन ठिकाणी ठेवावी. त्यास फार पैसा लागत नाही. कलावंताच्या मृत्यूनंतर शोकसभा भरविण्यापेक्षा, तो असताना त्याची एक फीत सांभाळणे हा अधिक खरा आदर होय.