हरणाऱ्या संघाचा कोच भित्राच का ठरतो?

संघ हरू लागला की फुटबॉलप्रेमी आधी प्रशिक्षकाच्या मनाचे निदान करतात. सराव किती झाला, कोण जखमी होता, समोरचा संघ किती ताकदीचा होता, हे प्रश्न मागे पडतात. कोच घाबरला, कोच हट्टी आहे, त्याला जिंकायची भूकच नाही, असे निष्कर्ष मात्र लगेच निघतात. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० असे हरवले, तेव्हा भारताचे प्रशिक्षक खालिद जमील यांच्या वाट्याला हेच आले. बांगलादेशकडून २२ वर्षांनी झालेला तो पराभव होता. महिनाभर आधी मडगावात छांगतेच्या गोलने मिळालेली आघाडी गमावून भारत सिंगापूरकडून २-१ असा हरला होता आणि आशियाई चषकाची वाट तिथेच बंद झाली होती. ‘बचावात्मक मानसिकता’ हा शिक्का त्यानंतर पक्का झाला.

मुंबई, ठाणे, डोंबिवलीच्या जुन्या चाहत्यांना हा शिक्का नवा नाही. २००९ ते २०१६ अशी सात वर्षे जमील मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तुटपुंज्या पैशांत उभा केलेला संघ, नावाजलेले खेळाडू जवळजवळ नाहीत, आणि दर हंगामात एकच उद्दिष्ट: आय-लीगमध्ये टिकायचे. आधी गोल खायचा नाही, मग जमले तर एक मारायचा, हा तिथला खाक्या. कूपरेज मैदानावर येणाऱ्यांना तो कंटाळवाणा वाटे आणि त्यात चूक काहीच नव्हती. तिकीट काढून आलेल्याला खेळ पाहायचा असतो. पण संघ टिकला. जमील गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसीने संतोष कश्यप यांना अर्ध्यावर बदलून ऑस्कर ब्रुझॉन यांना आणले, तरी संघ तळाशी राहिला आणि आय-लीगमधून बाहेर पडला. त्याच हंगामात जमील यांनी मिझोरमच्या आयझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. आधीच्या वर्षी घसरणीच्या यादीत गेलेला हा संघ होता. माणूस तोच, सवयी बहुतेक त्याच. पण कूपरेजवर जो हट्ट होता त्याला आयझॉलमध्ये जिद्द म्हटले गेले.

या उलटफेराचे मूळ चाहत्यांच्या अज्ञानात नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना माणसे परिस्थितीला फार कमी आणि स्वभावाला फार जास्त वजन देतात. मैदानाच्या कडेला एकटा उभा असलेला, कॅमेऱ्याच्या टप्प्यातला प्रशिक्षक या सवयीला आयताच सापडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेड चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाउनकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. पेनल्टी चालू असताना युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक रुबेन अमोरिम डगआउटमध्ये बसून होते, मैदानाकडे त्यांची नजर नव्हती. इथल्या घराघरांतून रात्री जागून सामने पाहणाऱ्या चाहत्यांनीही त्या एका दृश्यावरून त्यांचा स्वभाव वाचून टाकला. संघ जिंकला असता तर तीच मान खाली घालून बसण्याची रीत ‘भावनाप्रधान’ ठरली असती.

पुढची मागणी असते हकालपट्टीची. याबाबत सर्वांत उपयोगी अभ्यास डच अर्थतज्ज्ञ बास तर वील यांचा आहे आणि प्रत्येक चाहत्याने तो समजून घ्यावा इतका तो मोलाचा आहे. त्यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधले सामने तपासले. प्रशिक्षक काढल्यावर संघ सुधारतो, हे खरेच निघाले. पण तर वील तिथे थांबले नाहीत. त्यांनी तितकीच वाईट घसरण झालेले, तरी प्रशिक्षक न बदललेले संघ शोधले. तेही तितकेच सावरले होते. म्हणजे प्रशिक्षक काढला जातो तो घसरणीच्या तळाशी, आणि तळावरून संघ बहुधा वरच येतो. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळते. नालायक प्रशिक्षक काढूच नये, असा याचा अर्थ नाही. तीन-चार पराभवांवरून तो नालायक ठरवता येत नाही, एवढाच आहे.

मुंबई सिटीच्या चाहत्यांनी हे घरच्या संघात पाहिले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये गोव्याने त्यांना ५-० असे झोडपले. प्रशिक्षक जोर्जे कोस्टा तेव्हा नवे होते, पण क्लबने धीर धरला. संघ नंतर सलग नऊ सामने अपराजित राहिला आणि इंडियन सुपर लीगमध्ये तिसरा आला.

मग प्रशिक्षकाला जोखायचे कशावर? दिसणाऱ्या निर्णयांवर. आघाडी मिळाल्यावर बचावफळी किती मागे सरकली, बदली खेळाडू कितव्या मिनिटाला आणि कोणाच्या जागी आला, तीच चूक पुढच्या सामन्यात पुन्हा झाली का. जमील यांच्यावर इथे टीकेला जागा आहे: मडगावात आघाडी टिकली नाही आणि ढाक्यात गोल फिटला नाही. पण त्याच हिशेबात दुसरी बाजूही मांडावी लागेल. त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सूत्रे घेतली, महिनाभरात मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान मिळवले, आणि तेही मोहन बागानने खेळाडू सोडले नसताना. पुढे महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार रखडल्याने इंडियन सुपर लीग ठरल्या वेळी सुरूच झाली नाही. लीगचे सामने न खेळलेले पाय ढाक्यात धावत होते. ही मानसिकता नव्हे, ही परिस्थिती आहे आणि तिची जबाबदारी डगआउटच्या बाहेर आहे.

घाटकोपरला मेट्रो पकडून अंधेरीच्या मैदानावर जाणाऱ्या ठाणे-कल्याणच्या चाहत्याला ओरडण्याचा पूर्ण हक्क आहे. तो हक्क त्याने लीग वेळेवर का सुरू झाली नाही, हे महासंघाला विचारण्यासाठी आधी वापरावा.