पाणी पाजलेलं पोलाद

आमच्या आठवडी बाजारात एक लोहार बसतो. विळीचं पातं लालभडक तापवून तो पाण्यात बुडवतो, चर्र आवाज होतो आणि म्हणतो, "पाणी पाजलंय ताई, आता काळजी नको." कधी बुडवायचं, कधी काढायचं, हे त्याच्या डोळ्याला नि कानाला ठाऊक.

माझी भाची पुण्यात हेच काम करते, पण चक्क कॉम्प्युटरवर! मी तर हसलेच होते. मग तिनं समजावलं.

गाडीतली गिअरची चाकं साधारण ९०० ते ९५० अंशांवर कार्बन असलेल्या वायूत तासन्‌तास तापवतात. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरावं तसा कार्बन पोलादात मुरतो, पण जेमतेम एखादा मिलिमीटर. मग चाक तेलात बुडवायचं. कातडी कडक होते, गाभा चिवट राहतो. मात्र कडक होताना पोलाद किंचित फुगतं, आणि सगळीकडे एकाच क्षणी नाही. दात लवकर निवतात, जाड भाग उशिरा. या ओढाताणीत चाक वाकडं होतं. तिच्या कारखान्यात बांगडीसारखी चाकं लंबगोल होऊन बाहेर यायची. घासून गोल करावीत, तर एका बाजूची कडक कातडीच निघून जाणार!

कॉम्प्युटरवर या चाकाचे हजारो बारीक तुकडे कल्पायचे. प्रत्येक क्षणी प्रत्येक तुकडा किती निवला, किती कडक झाला, शेजाऱ्याला कुठं ढकलतोय, याचं गणित मांडायचं. जपानच्या क्योतो विद्यापीठातले तात्सुओ इनोऊए यांनी १९९०च्या दशकात असंच गणित जपानी तलवारीवर केलं. तिच्या पाठीला मातीचा लेप जाड, धारेला पातळ. तलवारीचा बाक बराचसा पाण्यातच येतो. गणितात दिसलं की ती आधी उलटी वाकते, मग सुलटी!

भाचीचं पहिलं गणित मात्र साफ चुकलं. तेलाचा आकडा तिनं पुस्तकातून घेतला होता. भट्टीवरचे मामा म्हणाले, "पोरी, तेल जुनं झालंय. आणि ढवळणारा पंखा एकाच बाजूला आहे."

तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात ना? खाली वाफेची गादी असते म्हणून. तेलातही तापल्या चाकाभोवती तशीच गादी धरते. ती असेतो चाक हळू निवतं. ती कधी फुटते, ते त्या टाकीतल्या त्या तेलालाच विचारावं लागतं. मग दोघांनी एका जुन्या चाकाला भोकं पाडून तापमान मोजणाऱ्या तारा खोवल्या नि ते बुडवलं. ते आकडे घातल्यावर पडद्यावरचं चाक खऱ्यासारखंच वाकलं. आता आडवी रचायची ती चाकं उभी टांगतात. लंबगोलपणा कमी झालाय, गेलेला नाही.

मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. भाची सध्या रोज सुट्टी झाल्यावर वही घेऊन तासभर भट्टीपाशी बसते.